वाचकांचे प्रश्न : बिगहॉर्नची शिकार – टॅग एकाचा, ओझं सगळ्यांचं

रॉकी पर्वतातल्या बिगहॉर्न मेंढ्यांच्या शिकारीबद्दल अमेरिकेतल्या वाचकांची पत्रं बहुतेक वसंतात येतात, कारण बऱ्याच राज्यांच्या ड्रॉची, म्हणजे एका मेंढ्याच्या शिकारीचा परवाना (टॅग) देणाऱ्या सोडतीची, मुदत तेव्हाच असते. या वेळच्या पत्रांत एक गोष्ट सारखी दिसली. रायफल कोणती घ्यावी यावर पानंच्या पानं, आणि मेंढा पडल्यावर तो खाली कसा आणायचा यावर जेमतेम एक ओळ. उत्तरं देताना आम्ही हे पारडं मुद्दाम उलटं केलं आहे. नियम दरवर्षी बदलतात, तेव्हा अर्जाआधी त्या राज्याची त्या वर्षाची नियमपुस्तिका वाचाच.

प्रश्न : आम्ही दोघे भाऊ आणि तीन मित्र. पाचही जण ड्रॉमध्ये नाव घालणार आहोत. एकालाच टॅग लागला तर बाकीच्यांनी जाऊन उपयोग आहे का? आणि दुसऱ्या कुणी गोळी घातली तर चालते का? (बोझमन, मोंटाना)

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी: नाही, अजिबात चालत नाही. ज्याच्या नावावर टॅग, त्यानेच गोळी झाडायची. भाऊ असो वा बायको, दुसऱ्याच्या टॅगवर मेंढा मारणं हा गुन्हा आहे आणि त्यात रायफल, गाडी, पुढच्या वर्षांचे परवाने असं सगळं जाऊ शकतं.

बाकीच्यांचा उपयोग मात्र फार मोठा आहे. दुर्बिणीने डोंगर पिंजायला, तळ सांभाळायला आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे मांस वाहायला ही माणसं लागतात. नुसतं सोबत चालायला आणि ओझं उचलायला साधारणपणे परवाना लागत नाही. पण तीन ठिकाणी घोटाळा होतो. पहिला, वॉकी-टॉकी. समोरच्या धारेवर बसलेल्या मित्राने रेडिओवरून "मेंढा डावीकडे सरकला" असं सांगणं मोंटानात बेकायदा आहे. शिकारीसाठी दुतर्फा संपर्काची इलेक्ट्रॉनिक साधनं वापरायला तिथे मनाई आहे. दुसरा, ड्रोन. तो घरीच ठेवा. तिसरा, पैसे. मित्राने मदत केली म्हणून त्याला मोबदला दिला, की तो कायद्याच्या नजरेत विनापरवाना गाइड ठरू शकतो. पेट्रोल आणि किराणा वाटून घ्या, मजुरी देऊ नका.

ड्रॉबद्दल थोडक्यात. आयडाहोत पॉइंट (टॅग न लागलेल्या वर्षांबद्दल मिळणारे गुण) साठत नाहीत, दरवर्षी सगळ्यांची चिठ्ठी सारखीच. वायोमिंग आणि कोलोरॅडोत पॉइंटांना वजन आहे, म्हणून आज अर्ज सुरू केला तर फळ खूप उशिरा. नामांकित युनिटांत (शिकारीसाठी आखलेल्या विभागांत) शक्यता शंभरात एकाहूनही कमी असते. तुम्ही मोंटानाचे रहिवासी असाल (त्यासाठी सलग १८० दिवसांचं वास्तव्य लागतं), तर यलोस्टोनच्या सीमेलगतच्या ॲब्सारोका-बेअरटूथ भागातले "अनलिमिटेड" जिल्हेही पाहा. तिथे टॅग विकत मिळतो, चिठ्ठी लागत नाही. फक्त मेंढ्यांचा कोटा अगदी लहान असतो, तो भरला की हंगाम लगेच बंद होतो, आणि जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना मेंढा मिळतो. त्या डोंगरात रोज सकाळी कोटा उघडा आहे ना, हे सॅटेलाइट मेसेंजरवरून (फोनची रेंज नसताना उपग्रहामार्फत संदेश देणाऱ्या यंत्रावरून) तपासण्याची जबाबदारी एकाने अंगावर घ्यावी. बंद झालेल्या हंगामात झाडलेली गोळी "आम्हाला कळलं नाही" म्हणून माफ होत नाही.

प्रश्न : मी एच-1बी व्हिसावर आहे. मित्राला टॅग लागलाय. सरावाला किंवा डोंगरात त्याची रायफल हातात घेतली तर अडचण येईल का? माझे वडीलही टुरिस्ट व्हिसावर आलेले असतील. (डेन्व्हर)

हा प्रश्न विचारलात हे फार बरं केलंत, कारण यात चूक झाली तर ती शिकारीपुरती राहत नाही, व्हिसापर्यंत जाते. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याप्रमाणे नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला बंदूक आणि काडतुसं बाळगायला मनाई आहे. एच-1बी, एफ-1, बी-2 हे सगळे त्यात येतात. मालकी मित्राची असली तरी हातात घेणं म्हणजेच बाळगणं. या मनाईला असलेल्या मोजक्या अपवादांपैकी तुमच्या कामाचा एकच: एखाद्या राज्याने दिलेला, मुदतीत असलेला शिकारीचा परवाना तुमच्या नावावर असणं.

तेव्हा क्रम असा ठेवा. आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स करा. कोलोरॅडोत १ जानेवारी १९४९ किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला तो सक्तीचा आहे, म्हणजे तुम्हाला चुकणार नाही. मग एखादा साधा, स्वस्त परवाना घ्या, अगदी लहान प्राण्यांचा असला तरी चालतो. त्याची छापील प्रत खिशात ठेवा आणि मगच रेंजवर पाऊल टाका. परवान्याची मुदत संपली त्या दिवशी अपवादही संपतो. ग्रीन कार्ड असलेल्यांना हा नियम लागत नाही. ज्यांचा अर्ज मधल्या टप्प्यावर आहे त्यांनी वकिलाला विचारल्याशिवाय बंदुकीला हात लावू नये.

वडिलांनी दुर्बीण घ्यावी. त्यांना रायफलची पिशवीही उचलायला देऊ नका, आणि काडतुसांचा डबा त्यांच्या सामानात ठेवू नका.

प्रश्न : वायोमिंगला टॅग लागला, पण आम्ही राहतो टेक्ससमध्ये. गाइड घ्यावाच लागतो का? (ऑस्टिन)

केंद्राने "वाइल्डरनेस" म्हणून घोषित केलेल्या जमिनीवर मोठा प्राणी मारायचा असेल तर परराज्यातल्या शिकाऱ्यासोबत परवानाधारक गाइड किंवा वायोमिंगचा रहिवासी असावाच लागतो. आणि बिगहॉर्नचा बहुतेक चांगला मुलूख, ॲब्सारोका काय किंवा विंड रिव्हर काय, त्याच जमिनीत आहे. तिथे राहणारा मित्र किंवा नातेवाईक असेल तर तो वन्यजीव विभागाकडून फुकट परवाना काढून तुमच्यासोबत येऊ शकतो. मात्र त्याने तुमच्याकडून पैसे घ्यायचे नाहीत, आणि एका वर्षात दोनच परराज्यीय शिकाऱ्यांना तो नेऊ शकतो. असा मित्र असेल तर त्याला आजच फोन करा. सप्टेंबरच्या सुट्ट्या लोक फेब्रुवारीत ठरवून टाकतात.

प्रश्न : नियमपुस्तिकेत "तीन-चतुर्थांश कर्ल" लिहिलंय. अर्ध्या मैलावरून हे ओळखायचं कसं? शिंगं छोटी निघाली तर काय होतं? (स्पोकेन)

छोटी निघाली तर मेंढा जप्त होतो, दंड होतो, आणि ज्या टॅगसाठी आयुष्यभर थांबलात तो वाया जातो. म्हणून हे कौशल्य नेमबाजीच्याही आधी शिकायचं.

बिगहॉर्नची शिंगं गळत नाहीत, जन्मभर वाढतात. हाडाच्या गाभ्यावर केराटिनचं आवरण असतं, आणि प्रत्येक हिवाळ्यात वाढ थांबते तिथे एक खोल वळी पडते. कर्ल म्हणजे शिंगाने घेतलेलं वळण. बाजूने पाहिल्यावर डोळ्यावरून जाणारी एक काल्पनिक रेषा धरतात आणि शिंगाचं टोक त्या रेषेपर्यंत पोहोचलं का ते बघतात. रेषा नेमकी कुठून कुठे ओढायची हे प्रत्येक राज्य आपापल्या आकृतीत दाखवतं, आणि ते सारखं नसतं. कोलोरॅडोतल्या नियमात अर्धा कर्ल पुरतो, मोंटानाच्या अनलिमिटेड जिल्ह्यात तीन-चतुर्थांश लागतो. आकृतीचं पान कापून दुर्बिणीच्या पिशवीत ठेवा.

चूक कुठे होते? मेंढ्याने मान थोडी जरी तुमच्याकडे वळवली किंवा खाली घातली, तरी टोक पुढे आल्यासारखं दिसतं. कोन अचूक ९० अंशांचा आणि डोकं सपाट असेल तेव्हाच निकाल द्या. त्यासाठी वाट पाहावी लागते, कधी दोन-दोन तास. दुसरी चूक झिजलेल्या टोकांची. म्हातारे मेंढे शिंगांची टोकं खडकावर घासून, झुंजीत आपटून बोथट करतात. असा दहा वर्षांचा दांडगा नर रेषेपर्यंत पोहोचत नाही, आणि सहा वर्षांचा लांब टोकाचा तरुण पोहोचतो. वय मोजायला वळ्या बघा, पण पहिल्या वर्षाचं टोक बहुधा झिजून गेलेलं असतं हे लक्षात ठेवून.

साधनांत कंजुषी करू नका. १० बाय ४२ ची (१० पट वर्धन, ४२ मिलिमीटरचं भिंग) दुर्बीण तिपाईवर लावा. हातात धरून बघणाऱ्याला एका मैलावरचा बसलेला मेंढा दिसत नाही, तिपाईवरून दिसतो. कायदेशीर आहे की नाही हे ठरवायला मात्र स्पॉटिंग स्कोप (एका डोळ्याने बघायची, जास्त वर्धनाची दुर्बीण) हवाच, ६५ मिलिमीटर किंवा मोठा. पहाटे उजाडल्यापासून दोन-तीन तास सर्वांत मोलाचे. ऊन तापलं की हवा थरथरते आणि ६० पट मोठं केलेलं चित्र उकळत्या पाण्यातून बघितल्यासारखं दिसतं. त्या वेळी वर्धन २५-३० वर आणा किंवा निर्णय संध्याकाळवर ढकला. शोधताना अख्खा मेंढा शोधू नका. राखाडी-तपकिरी उतारावर पाठीमागचा पांढरा डाग चमकतो, तो शोधा.

सराव हिवाळ्यात करता येतो. वायोमिंगमध्ये ड्युबॉइस गावाजवळच्या व्हिस्की बेसिनमध्ये आणि कोलोरॅडोत आय-70 महामार्गावरच्या जॉर्जटाऊनपाशी मेंढे खालपर्यंत उतरतात. मुलाबाळांसह जा, प्रत्येकाला वहीत अंदाज लिहू द्या. निर्णयाच्या वेळी टॅगधारक उत्तेजित असतो. शेजारी बसलेल्या शांत डोक्याच्या बहिणीचं "अजून नाही" फार उपयोगी पडतं. आमचं मत विचाराल तर गटात नियमच करा: दोघांनी स्वतंत्रपणे "हो" म्हटल्याशिवाय रायफलची सेफ्टी (चापाची कळ) काढायची नाही.

प्रश्न : घरच्या रेंजवर ३०० यार्डांवर गोळ्या नीट बसतात. डोंगरात वेगळं काय करायचं? (बॉयसी)

उतार आणि उंची, दोन्ही गोळी वर नेतात. वर किंवा खाली तिरप्या दिशेने झाडताना गुरुत्वाकर्षणाचा हिशेब आडव्या अंतरावर चालतो. ४०० यार्डांवर, ३० अंश खाली उभा असलेला मेंढा आडव्या हिशेबाने ३४६ यार्डांवरच असतो. ४०० चा नेम धरलात तर गोळी पाठीवरून जाईल. कोन मोजणारा रेंजफाइंडर (अंतर मोजायचं यंत्र) घ्या आणि तो "तिरपं" आणि "आडवं" यांतलं कोणतं अंतर दाखवतोय ते घरीच पक्कं करा. शिवाय दहा हजार फुटांवर हवा विरळ, म्हणून गोळीला अडथळा कमी. तळावर पोहोचल्यावर रायफल पुन्हा एकदा तपासा. विमानात आणि घोड्याच्या पाठीवर स्कोपला धक्के बसलेले असतातच.

.२७० विंचेस्टर, ६.५ क्रीडमूर, .३०-०६ यांपैकी ज्या काडतुसाची रायफल सवयीची असेल ती पुरे. स्कोपसकट साडेतीन किलोच्या आसपास असली तर बरं. गोळी तांब्याची घ्या. शिशाचे बारीक कण मांसात पसरतात, आणि उरलेल्या आतड्यांवर जगणाऱ्या गरुडांना ते मारतात.

पाठलाग वरून करा. मेंढ्यांचं लक्ष खालच्या बाजूला असतं, धोका खालून येतो अशी त्यांची समजूत. वारा सकाळी थंड असताना उताराने खाली वाहतो आणि ऊन लागलं की वर चढू लागतो. म्हणजे वरून जायचं तर ऊन चांगलं लागून वारा स्थिर वर चढू लागेपर्यंत थांबा, नाहीतर तुमचा वास सरळ त्यांच्या नाकात.

झाडण्याआधी मात्र एक प्रश्न स्वतःला विचारा: हा इथे पडला तर आपण तिथे पोहोचू का? कड्याच्या कठड्यावर उभ्या असलेल्या मेंढ्याला मारलं तर तो शंभर मीटर कोसळतो, शिंगं फुटतात, मांसाचा चेंदामेंदा होतो आणि जिथे अडकतो तिथे दोर लावल्याशिवाय जाता येत नाही. त्याला खायला खाली सपाटीवर येऊ द्या. दुपारी दोननंतर अवघड जागी गोळी झाडूच नये असं आम्ही ठामपणे सांगू. सोलून, तोडून, भरून होईपर्यंत तीन-चार तास जातात आणि पुढे अंधारात घसाऱ्यावरून उतरावं लागतं. सह्याद्रीत घसारा ओळखीचा असतो, पण इथले दगड टीव्हीएवढे असतात आणि पाठीवर तीस किलो असताना एक हलला तरी घोटा जातो.

प्रश्न : मेंढा पडल्यावर नेमकं काय आणि कोणत्या क्रमाने करायचं? आम्ही चौघे असू. सगळं एका खेपेत येईल का? (मिसुला)

चौघे असाल तर येईल. हिशेब असा. पूर्ण वाढलेला नर शंभर किलोच्या वर भरतो. त्यातून हाडं काढलेलं मांस साधारण ३० ते ३५ किलो निघतं. शिंगांसह कवटी १० ते १४ किलो, आणि भिंतीवर लावायला खांद्यापर्यंतची कातडी ठेवणार असाल तर ओली कातडी ७ ते ९ किलो. एकूण ५२ धरा. चौघांत वाटलं तर प्रत्येकी १३, त्यात तंबू-स्लीपिंग बॅगचे १६ मिळवले की २९ किलो. जड आहे, पण काठ्या घेऊन हळूहळू उतरता येतं. दोघेच असते तर प्रत्येकी ४२, आणि तेवढं ओझं घेऊन घसाऱ्यावरून एका खेपेत उतरणं म्हणजे गुडघा गमावणं. दोघांनी दोन खेपा कराव्यात आणि त्यासाठीचं एक दिवसाचं जास्तीचं जेवण आधीच धरावं. चाकाची गाडी वाइल्डरनेसमध्ये न्यायला बंदी आहे.

गोळी लागल्यावर वीस-तीस मिनिटं हलू नका. मग पोहोचल्यावर सर्वांत आधी टॅगवर तारीख कापून किंवा राज्य सांगेल तसं तो वैध करा. फोटो त्यानंतर. उतार असेल तर दहा मीटरच्या दोरीने मेंढा झाडाला किंवा खडकाला बांधा. अर्धवट सोललेला मेंढा घसरून दरीत जाणं हा नेहमीचा अपघात आहे.

पोट न फाडता सोलायची पद्धत डोंगरात सर्वांत स्वच्छ. कातडी ठेवायची असेल तर खांद्याच्या बरीच मागे, बरगड्यांच्या मध्यावर धडाभोवती गोल चीर द्या. बहुतेक जण फार पुढे कापतात आणि मग कातडी पुरत नाही. मेंढा एका कुशीवर ठेवून वरची बाजू सोला. पुढचा पाय सांध्याविना नुसत्या स्नायूंनी जोडलेला असतो, खांद्याच्या फऱ्यामागे सुरी फिरवली की सुटतो. मागच्या पायाला कमरेचा गोल सांधा असतो, तो उघडून कापा. मग मणक्यालगतची लांब पट्टी, मानेचं मांस, बरगड्यांमधलं मांस. आतल्या बाजूची मऊ पट्टी शेवटच्या बरगडीच्या मागून हात घालून आतडं न फोडता काढता येते. मेंढा उलटवा आणि दुसरी बाजू तशीच. अनेक राज्यांत नर असल्याचा पुरावा मांसाच्या एका भागाला नैसर्गिकरीत्या जोडलेला ठेवावा लागतो. तो कापून टाकू नका.

चौघांची कामं आधी ठरवा: एक कापणारा, एक पाय धरणारा, एक मांस सावलीत नेऊन पिशव्यांत भरणारा, आणि एकाचं काम फक्त आजूबाजूला बघत राहण्याचं, हातात बेअर स्प्रे (अस्वलावर मारायचा तिखट फवारा) घेऊन. मोंटाना आणि वायोमिंगच्या या भागात ग्रिझली अस्वलं आहेत आणि ताज्या रक्ताचा वास त्यांना लांबून लागतो. चौथ्याला "मदत कर ना" म्हणून बोलावण्याचा मोह आवरा.

मांस खराब होतं ते आत उष्णता कोंडल्यामुळे. हाडालगतचा मागचा सांधा सर्वांत उशिरा निवतो आणि तिथेच आधी वास धरतो. सुती किंवा जाळीच्या पिशव्या वापरा. प्लॅस्टिकमध्ये गरम मांस कधीही भरू नका. अर्धा तास सावलीत वाऱ्यावर पसरून मगच पाठीवर घ्या. पहिल्या खेपेत मांस, नंतर शिंगं. कित्येक जण उलट करतात, आणि मांस डोंगरात सडू देणं हा गुन्हा आहेच, शिवाय त्या जनावराचा तो अपमान आहे.

रात्रभर काही ठेवावंच लागलं तर आतड्यांपासून निदान शंभर मीटर दूर, लांबून दिसेल अशा उघड्या जागी ठेवा, शक्य असेल तर जमिनीपासून दहा फूट उंच आणि खोडापासून चार फूट लांब टांगा. सकाळी परतताना आधी दुर्बिणीने बघा, मोठ्याने बोलत जा. अस्वल बसलेलं दिसलं तर मांस त्याचं. वाद घालू नका.

खाली आल्यावर शिंगं वन्यजीव विभागात ठरलेल्या मुदतीत दाखवावी लागतात. तिथे ती मोजतात आणि शिंगात क्रमांकाचा धातूचा प्लग बसवतात. कळवण्याची मुदत कधी कधी तासांत असते, म्हणून सॅटेलाइट मेसेंजर चार्ज ठेवा.

प्रश्न : मी शिकार करणार नाही, पण नवरा, दीर आणि सासूबाईंसोबत तळावर राहणार आहे. स्वयंपाक माझ्याकडे आलाय. दहा हजार फुटांवर काय शिजतं? आणि अस्वलांचं काय? (सॉल्ट लेक सिटी)

स्वयंपाक एकट्या तुमच्याकडे का आला हे आधी नवऱ्याला विचारा. तळ सांभाळणं हे पूर्ण वेळाचं काम आहे आणि भांडी घासायला दीर आहेत.

त्या उंचीवर पाणी सुमारे ९० अंशांवरच उकळतं. डाळ तासभर ठेवली तरी मऊ होत नाही, भात कणीदार राहतो. गाडीजवळच्या तळावर दोन लिटरचा कुकर न्या आणि नेहमीपेक्षा शिट्या वाढवा. वरच्या तळावर कुकर नको. तिथे नुसत्या गरम पाण्यावर होणारं न्या: भाजून फोडणी दिलेले पोह्यांचे कोरडे मिश्रण, उपम्याचा भाजलेला रवा, सातूचं पीठ, मेतकूट आणि झटपट भात. दशम्या, तिखट-मिठाच्या पुऱ्या चार दिवस टिकतात. शेंगदाण्याची चटणी आणि गूळपापडी वजनाच्या मानाने सर्वांत जास्त ताकद देतात. चढणाऱ्याला दिवसाला साडेतीन ते साडेचार हजार कॅलरी लागतात, म्हणजे माणशी ७०० ते ९०० ग्रॅम कोरडं अन्न. थंडीत नुसत्या ब्यूटेनचा गॅस शून्याच्या आसपास पेटेनासा होतो, आयसोब्यूटेन-प्रोपेनचं मिश्रण घ्या. पाण्याचा फिल्टर रात्री स्लीपिंग बॅगमध्ये ठेवा. एकदा आतून गोठला की त्याच्या नळ्या फुटतात आणि बाहेरून काही कळत नाही.

फोडणीचा वास कपड्यांत आणि केसांत बसतो. चूल तंबूपासून शंभर यार्ड दूर, वाऱ्याच्या खालच्या बाजूला मांडा, आणि स्वयंपाकाचे कपडे घालून झोपू नका. अन्न, टूथपेस्ट, तेल, सासूबाईंच्या औषधांची गोड सिरपं, सगळं अस्वलरोधक डब्यात. स्प्रे प्रत्येकाच्या कमरेला हवा, सॅकच्या तळाशी नव्हे. त्याची मुदत बघा. विमानाने येणाऱ्यांनी स्प्रे आणि गॅस तिथे पोहोचल्यावरच विकत घ्यावेत, कारण दोन्ही ना हातातल्या सामानात चालतात ना चेक-इनमध्ये.

सासूबाईंना एकदम उंचावर नेऊ नका. पहिल्या दोन रात्री सहा-सात हजार फुटांवर काढा. तीन हजार मीटरच्या वर झोपायची जागा रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त चढवू नये. डोकेदुखी आणि मळमळ असेल तर तिथेच थांबा. सरळ रेषेत चालता येईना किंवा बसल्या जागी धाप लागली, तर रात्र असली तरी खाली उतरवा. बेअरटूथ हायवेची खिंड १०,९४७ फुटांवर आहे आणि गाडीने तासाभरात माणूस तिथे पोहोचतो, त्यामुळे हा त्रास गाडीतच सुरू होऊ शकतो. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरचं औषध) घ्यायचं का, हे निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा, विशेषतः त्या रक्तदाबाच्या गोळ्या घेत असतील तर.

प्रश्न : भारतात १९७२ पासून शिकारीवर कायद्याने बंदी आहे. मुलगा तिकडे हे करतो याचा मला त्रास होतो. मेंढे कमी होत असताना शिकार कशी चालू शकते? (पुणे)

तुमचा त्रास रास्त आहे आणि आम्ही तो उडवून लावणार नाही. बिगहॉर्न खरंच संपत आले होते: बेसुमार शिकार, चराईची स्पर्धा आणि पाळीव मेंढ्यांकडून आलेले रोग. ओरेगनसारख्या राज्यांतून ते पार नाहीसे झाले. १९५४ मध्ये ब्रिटिश कोलंबियातल्या विल्यम्स लेकहून २० मेंढे आणून ओरेगनमधल्या हार्ट माउंटनवर सोडले, तेव्हा तिथे ते पुन्हा दिसू लागले. अशी कामं चालतात ती बऱ्याच अंशी शिकाऱ्यांच्या पैशातून. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार रायफली आणि काडतुसांवर ११ टक्के कर लागतो आणि तो राज्यांच्या वन्यजीव विभागांकडे जातो. मोंटानाचा लिलावातला एकच टॅग २०१३ मध्ये ४,८०,००० डॉलरला गेला आणि ती रक्कम याच मेंढ्यांसाठी राखलेली असते.

जिथे कळप पेलू शकत नाही तिथे शिकार नाही. कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडाचे बिगहॉर्न संकटग्रस्त यादीत आहेत आणि त्यांना हात लावता येत नाही. इतरत्र टॅग बहुतेक वयस्क नरांचे, मोजून दिलेले. मुलाशी भांडण्याऐवजी त्याच्यासोबत एकदा हिवाळ्यात ड्युबॉइसला जा, तिथे बिगहॉर्नचं केंद्र आहे. पटलं नाही तर त्याला तसं सांगा, तो तुमचा अधिकार.

प्रश्न : शेजाऱ्याकडे सामान वाहणाऱ्या पाळलेल्या बकऱ्या आहेत. घोडे परवडत नाहीत. बकऱ्या नेल्या तर? (बिलिंग्ज)

कृपा करून नेऊ नका. पाळीव शेळ्या-मेंढ्यांच्या नाकात मायकोप्लाझ्मा ओव्हिन्यूमोनिए नावाचा जंतू असू शकतो. त्यांना तो फारसा बाधत नाही, पण बिगहॉर्नमध्ये शिरला की कळपभर न्यूमोनिया पसरतो. मोठे मरतात, आणि वाचलेल्या मेंढ्यांची कोकरं पुढे वर्षानुवर्षं जन्मल्यावर काही आठवड्यांत मरत राहतात. नाकाला नाक लागणंसुद्धा पुरतं, आणि जंगली मेंढे कुतूहलाने बकऱ्यांजवळ येतात. मेंढ्यांच्या मुलखात कित्येक ठिकाणी बकऱ्या न्यायला बंदीही आहे. बकरी निरोगी दिसते हा पुरावा नाही.

घोडे भाड्याने घेतलेत तर तणमुक्त असल्याचा दाखला असलेलंच गवत न्या. तेही जमत नसेल तर तळ एक दिवस अलीकडे लावा आणि ओझं दोन खेपांत वाटा. डोंगरात खोकणारी, नाक वाहणारी, कान पाडून मागे राहणारी मेंढी दिसली किंवा जंगली कळपात एखादी पाळीव मेंढी मिसळलेली दिसली, तर तिला हाकलायला जाऊ नका. लांबून फोटो घ्या, जीपीएसवर जागा नोंदवा, आणि राज्याच्या वन्यजीव विभागाला त्याच दिवशी कळवा.